मडकं कोण धरणार

धीरजने चादरीचं टोक उचललं, चेहरा पाहिला आणि चादर हळूच सोडून दिली. साठी ओलांडलेला माणूस, पांढरी खुरटी दाढी, समोरचे दात नाहीत. नाक वेगळं, कपाळ वेगळं. हा नव्हता.

"झाला नमस्कार?" बाबारावांनी मागून विचारलं.

"झाला, काका."

बाबारावांना वाटायचं, पोरगा मोठा भाविक आहे, अंघोळ घालण्याआधी प्रत्येकाचं दर्शन घेतो. मंडळातल्या बाकीच्या पोरांना ते त्याचं उदाहरण द्यायचे. अशा वेळी धीरज बुटाची लेस बांधायला खाली वाकायचा. त्याला दर्शनबिर्शन काही घ्यायचं नसे. तो आठवीत असताना त्याचे वडील सेलूहून नागपूरला निघाले होते, जिनिंगमधल्या मशीनचा एक पार्ट आणतो म्हणून, ते परत आलेच नव्हते. ज्या माणसाचा कुठेच पत्ता लागत नाही तो एखाद दिवस अशाच एखाद्या चादरीखाली सापडेल, इतका सरळ हिशेब त्याने करून ठेवला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी गावातल्या संस्थांची नावं सांगितली, तेव्हा वर्गात बरीच ओढाताण झाली होती. रक्तपेढीला सगळ्यांची पसंती, कारण तिथे एसी होता. वृद्धाश्रमाला मुलींनी हात वर केले. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायलाही काही जण निघाले. मग सर म्हणाले, "अंतिम सोबत मंडळ. बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करतात." मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. धीरजने हात वर केला. त्याच्या शेजारी बसलेल्या निशांतनेही केला, कारण एक तर धीरज त्याचा मित्र, आणि दुसरं म्हणजे वृद्धाश्रमात गेलो तर भजनं म्हणायला लावतील अशी त्याला धास्ती होती. निशांतचे वडील कलेक्टर ऑफिसात कारकून, आई शिक्षिका. घरी त्याने "आरोग्य विषयक काम आहे" असं सांगून टाकलं होतं, आणि ते अगदीच खोटं म्हणता आलं नसतं.

आता दोघे दुसऱ्या वर्षाला होते आणि मंडळात मुरले होते. पोलिसांचे कागद झाले, वाट पाहण्याची मुदत संपली, तरी कोणी न्यायला आलं नाही, की बाबारावांचा फोन यायचा. पोट्टे तास बुडवून सरकारी दवाखान्याच्या मागच्या ओट्यापाशी जमायचे. बाबाराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. गरम पाण्याने अंघोळ ते स्वतः घालायचे, नवं पांढरं कापड टाकायचे, हार घालायचे आणि मग मेलेल्या माणसाला म्हणायचे, "चला भाऊ." जशी काय डबल बेल मारून गाडी सोडायची होती.

आज मात्र त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. हार घालताना त्यांनी दोनदा फोन काढून पाहिला.

"काय झालं, काका?" निशांतने विचारलं.

"रूपरावच्या पोराचा फोन होता. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हने काल. धुरात जायचं नाई सांगतलं डॉक्टरनं."

"मग?"

"मंग काय. मडकं कोन धरन?"

हा प्रश्न मंडळात आजवर पडला नव्हता. विस्तवाचं मडकं हातात धरून पुढे चालायचं आणि शेवटी अग्नी द्यायचा, हे काम रूपरावांचं. त्यांचे आईवडील जाऊन जमाना झाला होता. बाबारावांचा नियम असा, की ज्याचा बाप हयात आहे त्याच्या हाती मडकं द्यायचं नाही. ते स्वतः असलं काही मानत नव्हते. पण मंडळाच्या सुरुवातीच्या काळात एका पोराने उत्साहाच्या भरात मडकं धरलं, घरी जाऊन तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई बाबारावांच्या दारात येऊन बसली. माहा नवरा जिता असताना माह्या पोराच्या हातून तुमी हे काऊन करवलं, म्हणून ती दुपारपर्यंत रडत होती. तेव्हापासून बाबारावांनी कानाला खडा लावला. कोणाच्या आईला रडवून मंडळ चालवायचं नाही, एवढं ते पक्कं मानत.

गाडी मोक्षधामाच्या गेटपाशी थांबली. गाडी थेट ओट्यापर्यंत जाऊ शकत होती, पण शेवटचा रस्ता खांद्यावरूनच, हाही बाबारावांचाच नियम. तिरडी खाली उतरवून सगळे बाभळीच्या सावलीत उभे राहिले. मडक्यात गोवरीचे निखारे घालून झाले होते. ते जमिनीवर ठेवलेलं होतं आणि त्यातून सरळ वर धूर निघत होता.

बाबारावांनी एकेकाला धरायला सुरुवात केली.

"सचिन, तुहा बाप…"

"अजी बाबारावजी," गाडीचा ड्रायव्हर सचिन म्हणाला, "सकाळीच तं तुमच्यासमोर भाजी घेऊन राह्यले होते."

बाबारावांनी सुस्कारा टाकला. भाजी घेण्यात त्या म्हाताऱ्याचीच काही चूक झाली होती असा त्यांचा चेहरा झाला. सोबत आलेल्या पोलीस शिपायाने विचारण्याआधीच मान हलवली. त्याचे वडील गावी होते, ठणठणीत. निशांतचे ऑफिसात. रोशन नावाचा पहिल्या वर्षाचा नवा मुलगा होता, त्याच्या वडिलांनीच त्याला आज मोटरसायकलवर आणून सोडलं होतं. खुद्द बाबारावांचे वडील आष्टीला होते, नव्वदीतले, आणि अजून रोज सकाळी शेतावर चक्कर मारून येत. त्यामुळे इतकी वर्षं मंडळ चालवूनही बाबारावांनी स्वतः कधी मडकं हातात घेतलं नव्हतं. "माह्या बापानं मले बिनकामाचं करून ठेवलं," असं ते एरवी हसून म्हणत. आज हसले नाहीत.

धीरजला त्यांनी विचारलंच नाही. मंडळात आला त्या दिवशीच त्याने सांगून ठेवलं होतं की वडील बाहेरगावी असतात.

मोक्षधामात लाकडं रचणारे नत्थूजी लांबून हे पाहत होते. ते जवळ आले.

"मी लावून देतो ना, बाबारावजी. माहं तं रोजचंच हाय."

"तूच लावनार होतं, तं आमी काऊन आलो?" बाबाराव म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तसं नाई नत्थूजी. पन याच्यासाठीच तं मंडळ काढलं ना बाप्पा."

शिपायाने घड्याळ पाहिलं. रोशन उगाच तिरडीची गाठ तपासत होता. धीरज मडक्याकडे पाहत उभा होता.

"नाहीत" हा शब्द त्यांच्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. आई, छाया, रोज सकाळी शाळेत पोषण आहार शिजवायला जाण्याआधी आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची. तिच्या वयाच्या बायका केव्हाच टिकलीवर आल्या होत्या. ती मात्र मेणावर ठसठशीत कुंकूच लावायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला जायची, वाण घेऊन यायची. ते कुंकू तिथे आहे तोवर वडील कुठेतरी आहेत, असं त्याने लहानपणीच समजून घेतलं होतं. आता इथे तोंडातून एक शब्द गेला तर ते कुंकू आपणच पुसल्यासारखं होईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पण खाली तो माणूस पडला होता. त्याच्या भोवती चांगली धडधाकट माणसं उभी राहून कोणाकोणाचा बाप जिवंत आहे ते मोजत होती. धीरजला वाटलं, आपला बाप जर असाच कुठे पडला असेल, आणि तिथली माणसंही अशीच एकमेकांकडे पाहत उभी राहिली असतील, तर? या विचाराने त्याला एकदम फार वाईट वाटलं. इतकं, की बाकीचं सगळं मागे पडलं.

"काका," तो म्हणाला, "माहे बाबा नाईत."

"अबे, तुझे तर बाहेरगावी…" निशांत म्हणाला आणि थांबला.

"नाईत."

बाबारावांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा प्रवासी त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून ओळखता यायचा, नोकरीच तशी केली होती. धीरजच्या चेहऱ्यावरून मात्र त्यांना काही कळेना. ते त्याला खांद्याला धरून थोडं बाजूला घेऊन गेले.

"पाय, जोर नाई तुह्यावर. नत्थूजी हायेत. घरी कोन हाय तुह्या?"

"आई."

"तिले चालन?"

"मी सांगतो तिले."

"मांगून मले बोल लागला नाई पाहिजे, धीरज."

"नाई लागनार."

बाबारावांनी आणखी थोडा वेळ त्याचा खांदा धरून ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातला पांढरा दुपट्टा काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि बूट काढायला सांगितलं.

मडकं वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. सुतळीची पकड हाताला चटका देत होती. मागे बाबाराव, सचिन, निशांत आणि रोशन यांनी खांदा दिला होता. तिरडीचं ओझं नेहमी आपल्या खांद्यावर असायचं, आज मागे कोण आहे ते दिसत नव्हतं, आणि पुढे कोणीच नव्हतं. अनवाणी पायांना खडी टोचत होती म्हणून तो हळू चालला, आणि त्याच्यामुळे सगळेच हळू चालले.

पाण्याचा माठ खांद्यावर घेऊन फेऱ्या घालताना प्रत्येक फेरीला नत्थूजी दगडाने माठाला भोक पाडत होते. पाणी पाठीवरून वाहत होतं. शेवटी माठ मागे टाकायचा आणि वळून पाहायचं नाही, हे त्याने रूपरावांना करताना कितीतरी वेळा पाहिलं होतं. तरी फुटल्याचा आवाज झाला तेव्हा तो दचकला.

"मनात काई म्हनायचं असन तं म्हन," बाबाराव म्हणाले. "याच्या घरचे कुठं असतीन, त्याइच्या नावानं."

धीरजला त्या माणसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. वर्धा स्टेशनवर सापडला, एवढंच शिपाई बोलला होता. म्हणून त्याने वडिलांना आठवलं. नेमकं आठवलं ते असं, की सायकलची चेन पडली तर हात काळे न करता ती कशी चढवायची हे वडील त्याला शिकवत होते, आणि शिकवताना त्यांचेच हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते स्वतःलाच शिव्या देत हसत सुटले होते. त्याने अग्नी दिला. मग आपले डोळे निशांतला दिसू नयेत म्हणून तो मुद्दाम धूर येत होता त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

परतताना निशांतने त्याला गाडीवरून बसस्टँडला सोडलं. सेलूची बस लागलेली होती.

"सांगायचं ना यार मला," निशांत म्हणाला.

"काय सांगू?"

निशांतने धीरजच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच बसली. "घरी गेल्यावर फोन कर," तो म्हणाला आणि बस हलेपर्यंत तिथेच गाडीवर बसून राहिला.

बसमध्ये धीरज आईला सांगायचं वाक्य जुळवत होता. ती रडेल. किंवा ओरडेल. किंवा काहीच न बोलता आत जाऊन दार लावून घेईल. तिन्हींसाठी त्याने उत्तरं तयार केली आणि सेलू यायच्या आत तिन्ही त्याला पोकळ वाटायला लागली.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मंडळाचं काम असलं की छाया अंगणातल्या चुलीवर गंजभर पाणी तापवून ठेवायची. न्हाणीत बादली, दगडाशेजारी साबण, दोरीवर कोरडे कपडे. अंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, कशाला शिवायचं नाही. न्हाणीला तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत होती आणि चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा. तो कपड्यांसकट दगडावर बसला आणि त्याने पहिला तांब्या डोक्यावर घेतला.

"आज लय येळ लागला," छाया चुलीपाशी बसून म्हणाली.

"रूपरावकाका आले नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याइचं."

"आस्सं."

"मडकं मी धरलं आज."

छाया चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. तिचा हात थांबला. मग तिने लाकूड पुरतं बाहेर ओढलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. ते चुरचुरलं.

"बाबारावनं देल्लं तुह्या हातात?"

"मी सांगतलं त्याइले. बाबा नाईत म्हनून."

तो वाट पाहत राहिला. ती रडली नाही, ओरडली नाही, आतही गेली नाही. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. छाया उठून न्हाणीच्या भिंतीपाशी आली आणि भिंतीवर हात ठेवून उभी राहिली.

"नवं कापड टाकतेत का रे त्याच्यावर?"

"कोनावर?"

"मानसावर. जो कोनी असन त्याच्यावर."

"हो. पांढरं. नवंच असते."

"हार?"

"हार असते. गुलाल असते."

"आन आंग धुतेत?"

"बाबारावकाका धुतेत. गरम पान्यानं."

इतक्या दिवसांत तिने मंडळाबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. जेवायला काय करू, एवढंच विचारायची. धीरजला वाटलं, तिला विषय बदलायचा आहे. त्याने तिला बदलू दिला.

"गेटपासून खांद्यावर नेतो आमी," तो आपणहून म्हणाला. "गाडी अंदर जाते, पन काका नेऊ देत नाईत."

छायाने मान हलवली. ती भिंतीच्या कडेचा सुटलेला पोपडा बोटाने काढत राहिली.

"अकोल्यालेबी असंच करत असतीन," ती म्हणाली.

धीरजने तांब्या बादलीत बुडवला होता, तो तसाच राहिला. अकोल्याला त्यांचं कोणी नव्हतं. मावशी मूर्तिजापूरला, अकोला तिच्याही पुढे.

"अकोल्याले काऊन?"

"तुही बारावीची परीक्षा चालू होती," छाया म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, किराणा काय काय आणायचा ते सांगताना असायचा तसा. "पोलिसाइचा फोन आला. हरवल्याची तक्रार देल्ली होती ना आपन, त्याच्यावरून. दवाखान्यात मेला म्हने कोनी, फोटोतल्यासारखा दिसते, येऊन पाहून जा. तुले मावशीकडं जातो म्हनून सांगतलं."

तो दिवस त्याला आठवला. ती सकाळच्या गाडीने गेली होती आणि संध्याकाळी परत आली होती. येताना त्याच्या पेपरसाठी नवा पेन घेऊन आली होती.

"मंग?"

"तोच होता."

अंगणात अंधारून आलं होतं. तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

"कानामांगचा तीळबी पायला मी," ती म्हणाली. "आन त्याइले म्हटलं, हा नोहे."

"परीक्षेसाठी?" धीरजने विचारलं. तसंच असावं असं त्याला फार वाटत होतं.

"तसं म्हटलं तं तुले बरं वाटन. मलेबी वाटन." ती थांबली. "पन नाई. राग आला मले. त्याच्या आंगात एक सदरा होता. निळा. चांगला, इस्तरीचा. मी घेतलेला नोहे तो. म्हटलं, ज्यानं सदरा घेऊन देल्ला त्यानंच न्यावं. इतके वर्स याद नाई आली आपली, आन मेल्यावर मीच उचलू काऊन?"

"मंग कोनी आलं?"

"मले वाटलं होतं कोनीतरी येईन," छाया म्हणाली. "घरी आल्यावर दोन दिवसानं समजलं मले, मी काय केलं ते. कोनीच नसन आलं. सदरा घेऊन देनारं कोनी असतं, तं पोलिसाइनं मले कायले फोन केला असता?"

छायाने पोपड्याचा चुरा भिंतीवरून झाडला.

"मंग कुंकू पुसता येईना. पुसलं असतं तं लोकाइनं इचारलं असतं, तुवा इचारलं असतं. लावत गेली. आन तू त्या मंडळात जाऊन राह्यला. तिथं काऊन जातं ते मले समजत नव्हतं का? दरखेपी वाटे, आज सांगाव. तू आंग धुऊन जेवाले बसे, अन् माह्यानं होये नाई."

राग त्याला आला. खरं तर इतका आला, की हातातला तांब्या भिंतीवर मारावासा वाटला. किती चादरी उचलल्या होत्या त्याने, आणि दर वेळी हा नव्हे असं कळलं की सुटल्यासारखं व्हायचं, त्याची लाज वाटायची. त्या सगळ्या वेळी ती इथे पाणी तापवत बसली होती. आणि वडील? ते निळा सदरा घालून कुठे फिरत होते, कोणाकडे राहत होते? आता ते कोणाला विचारायचं? त्याने तांब्या आपटला नाही. बादलीत सोडून दिला, तो पाण्यावर डुचमळत राहिला.

"मी आलो असतो," तो शेवटी म्हणाला. "मले न्यायचं होतं तू."

"मालूम हाय मले."

"मी केलं असतं सगळं."

"मालूम हाय," छाया पुन्हा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "आज तू मडकं धरलं म्हटलं ना, तवा वाटलं, तिथंबी कोन्या मायचा असाच पोट्टा आला असन. खोटं सांगून का होईना, त्यानं धरलं असन."

घरातल्या माणसाच्या मरणाची खबर दूरच्या गावाहून कितीही उशिरा आली, तरी ऐकताक्षणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. हे सेलूत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धीरजने तांब्या उचलला, भरला आणि डोक्यावर ओतला. मघापर्यंतची अंघोळ स्टेशनवरच्या माणसाची होती, ती झाली होती. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याने मान वर केली.

"अकोल्याहून आल्यावर तू आंग धुतलं होतं?"

"कायचं आंग?" छाया म्हणाली. "हा नोहे म्हटल्यावर आंग कायचं धुवाचं? तसीच घरात आली. तुह्यासाठी पोळ्या टाकल्या."

धीरज दगडावरून उठला. ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. तो भिंतीला टेकून बाजूला उभा राहिला आणि त्याने साडीचा पडदा सारला.

"ये," तो म्हणाला. "बस इथं."

छाया जागची हलली नाही. "लुगडं वलं होईन," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिलाच कळलं. तिने बांगड्या कोपराकडे सारल्या, पदर खोचला, आत आली आणि दगडावर बसली. शाळेत स्वयंपाक करून करून तिची पाठ वाकली होती. वरून पाहताना ती त्याला नेहमीपेक्षा लहान दिसली.

पहिला तांब्या त्याने अगदी सावकाश ओतला. तिने श्वास आत ओढला. दुसऱ्या तांब्याला तिने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मग तिचे खांदे हलायला लागले, आवाज मात्र आला नाही, आणि धीरज ओतत राहिला. मध्ये थांबावं असं त्याला वाटलं नाही. तीही थांब म्हणाली नाही.

बादली रिकामी झाली. तळाशी तांब्या घासल्याचा आवाज तिने ऐकला.

"अजून आन," ती म्हणाली.

चुलीवरच्या गंजात थोडं पाणी उरलं होतं. धीरज ते आणायला गेला.